निपाणीची पोच

"मामा, तार काढा, पण काठी राहू द्या."

मी अंगणातून हे तिसऱ्यांदा ओरडलो. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई थांबली, समोरच्या किराणावाल्यानं मान वर केली. ज्यांच्यासाठी ओरडत होतो ते माझे सासरे मात्र पाना घेऊन अँटेनाच्या काठीचा नट सोडवतच राहिले. शेवटी मी जिना चढून वर गेलो आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले.

"जावईबापू, असं मांजरागत येऊ नये. हाक मारावी माणसानं."

"मारली की."

"तोंडातल्या तोंडात मारली असंल. अलीकडं सगळी तसंच बोलायल्यात."

आमच्या भागात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना मामी. मामांची हयात सांगलीच्या तार ऑफिसात गेली. दिवसभर सरकारी मोर्स, म्हणजे तारेची ठोक्यांची लिपी, ठोकायचा आणि घरी येऊन पुन्हा हौसेचा मोर्स ठोकायचा, असा त्यांचा दिनक्रम. ते हॅम होते. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन लायसन काढायचं, घरात वायरलेस सेट लावायचा, गच्चीवर तारा ताणायच्या आणि कुठल्या कुठल्या माणसांशी बोलत बसायचं. कमाई शून्य, शेजाऱ्यांच्या शिव्या फुकट.

मीही हॅम. किंबहुना मला शैला मिळाली ती त्या लायसनामुळंच. पाहण्याच्या कार्यक्रमात मामांनी माझा पगार विचारला नाही, घर कुणाचं विचारलं नाही, पत्रिका तर उघडलीच नाही. "मोर्स किती वेगानं घेतासा?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला तसं ते आत वळून म्हणाले, "चालंल. पोहे आणा." माझा मोर्स खरं तर बेताचाच होता. पण तेव्हा मामांचे कान शाबूत होते आणि माझ्या नशिबानं त्यांनी परीक्षा घेतली नाही.

मी सांगतोय ती गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. तोवर मामांना ऐकू येत नाही ही गोष्ट मामा सोडून सगळ्या गल्लीला माहीत झाली होती. त्यांच्या मते आकाशवाणीचा दर्जा घसरला होता, दाराची बेल बसवणारा वायरमन चोर होता आणि घरातला कुकर बिघडला होता. कुकरची शिट्टी त्यांनी स्वतः तीनदा बदलली. मामी बिचाऱ्या बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. आमटीत मीठ बरोबर पडलंय का असं त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, की उत्तर शेजारच्या घरातून यायचं.

डॉक्टरचं नाव काढलं की मामा उठून गच्चीवर जायचे. आणि त्या रविवारी तर ते गच्ची साफ करायलाच निघाले होते. सेट, तारा, काठी, मोर्स ठोकायची पितळी की, सगळं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. सोमवारी टेम्पो येणार होता.

मी कोल्हापूरहून निघताना शैलानं मला बजावलं होतं; वडिलांना ती अण्णा म्हणायची. "अण्णांनी सेट दिला तर ते खुर्चीत बसतील ते उठायचेच न्हाईत. काहीतरी कर. तुमच्यातलं काहीतरी कर."

मला मामांची भीती वाटायची आणि त्यांच्यावर माझा जीवही होता. माझे वडील मी शाळेत असताना गेले. कुठल्याही यंत्राचं झाकण उघडून दिलं की खूश होणारा वडीलधारा माणूस मला लग्नात मिळाला होता, तो खुर्चीत बसून संपावा हे मला बघवणार नव्हतं.

"काय आणलासा?" मामांनी माझ्या हाताकडं बघत विचारलं.

मी साबणाची डबी पुढं केली. निळी, प्लॅस्टिकची, प्रवासात नेतात तसली. तिच्या एका बाजूनं कॉम्प्युटरला जायची वायर निघत होती आणि दुसऱ्या बाजूनं रेडिओला जायची.

"मोडेम," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"मला काय बहिरा समजलासा? हळू बोला."

खाली मित्राच्या व्हॅनमध्ये आमच्या फाउंड्रीतला जुना कॉम्प्युटर होता, साहेबांच्या पाया पडून आणलेला. तो मी मामांच्या टेबलावर मांडला, शेजारी माझा छोटा रेडिओ ठेवला, वर जाऊन वाचलेल्या काठीला हातभर लांबीची अँटेना बांधली आणि साबणाची डबी मध्ये जोडली. मामा हाताची घडी घालून बघत होते. लग्नात केटरिंगवाल्यांकडं जुना आचारी बघतो तसे.

"हे करतंय काय?"

मी कागदावर लिहून दाखवायला लागलो, तर त्यांनी कागद बाजूला सारला. मग ओरडून सांगितलं, आणि पुढचं बोलणंही तसंच त्यांच्या कानाशी ओरडून झालं. तुम्ही इथं टाइप करायचं, एन्टर दाबायचं. डबी त्या ओळीचं एक पुडकं बांधते आणि रेडिओवरनं सोडते. समोरच्याचं यंत्र पुडकं तपासतं. अक्षर न् अक्षर बरोबर असेल तर आपोआप पोच पाठवतं. पोच आली नाही, तर आपली डबी तेच पुडकं पुन्हा सोडते, पुन्हा सोडते. दहादा झालं की नाद सोडते. याला पॅकेट रेडिओ म्हणतात.

"आणि कान कुठं लागतोय ह्यात?"

"लागत न्हाई मामा. डोळं लागतात फक्त."

त्यांनी डबीवर टिचकी मारली. मग म्हणाले, "कान लागत न्हाई तो रेडिओ कसला? ते पोस्ट ऑफिस झालं."

खरं तर त्यांना पोस्ट ऑफिसचा राग यायचं कारण नव्हतं, त्याच खात्यानं त्यांना जेवू घातलं होतं. पण मी वाद घातला नाही, कारण हुकमाचा पत्ता अजून माझ्या हातात होता.

"निपाणीला पण एक डबी पाठवलीय," मी म्हणालो. "एसटीच्या ड्रायव्हरकडनं. शिरगुप्प्यांच्या भाच्याचा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यानं बसवलीय. ते आत्ता समोर बसले असतील."

शिरगुप्पे हे नाव मामांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

"त्याचं नाव काढू नका."

निपाणीचे शिरगुप्पे मास्तर आणि सांगलीचे मगदूम, म्हणजे आमचे मामा, यांची दोस्ती हॅम लोकांत दंतकथेसारखी सांगत. वीसेक वर्षं रोज सकाळी सहाला दोघं मोर्सवर भेटत. प्रत्यक्षात कधी भेटले नव्हते, गरजच पडली नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मामांनी सेट बंद केला तो पुन्हा सहाला लावलाच नाही. कारण विचारलं तर एकच वाक्य. "तो माझ्याशी हळू बोलाय लागला."

बाहेरच्या माणसाला यात काय वाईट ते कळणार नाही. आमच्यात नव्या, शिकाऊ माणसाशी बोलताना मोर्स हळू ठोकायचा असा शिष्टाचार आहे. त्याला प्रत्येक अक्षर पकडता यावं म्हणून. पण मुरलेल्या ऑपरेटरशी, तेही मागितल्याशिवाय, हळू ठोकणं म्हणजे पंगतीला बसलेल्या पैलवानाला गुरगुट्या भात भरवण्यासारखं आहे. आधी शिरगुप्पे जरा हळू झाले, मग आणखी हळू, मग बालवाडीत गेल्यासारखे. मामा मनातून ओळखून होते की आपली अक्षरं सुटायला लागली आहेत. मास्तरानं ते ओळखलं आणि दया केली, असं त्यांनी धरलं. ऐकू न येणं त्यांनी सोसलं असतं, दया नाही.

"एकदाच बघा," मी म्हणालो. "न्हाई आवडलं तर उद्या टेम्पोत ही डबी पण घाला."

"एकदाच," मामा म्हणाले आणि खुर्ची ओढली.

सांगली ते निपाणी थेट लागणं कठीण, म्हणून मध्ये माझ्या कोल्हापूरच्या घरातला सेट चालू ठेवला होता. इकडचं पुडकं झेलायचं आणि तिकडं फेकायचं एवढंच त्याचं काम. शैलाला सांगून आलो होतो, की कुठल्याही बटणाला हात लावू नकोस आणि त्या खोलीत झाडूही मारू नकोस. दुसरी गोष्ट तिनं आनंदानं कबूल केली.

मी जोडणी मागितली. डबीवरचा तांबडा दिवा लागला, रेडिओतून बेडकानं खाकरावं तसा आवाज आला, तो अर्थात फक्त मला ऐकू आला. आणि पडद्यावर ओळ उमटली की निपाणी जोडली गेली.

मराठी अक्षरांची सोय नव्हती. इंग्रजी मोठ्या अक्षरांत मराठी लिहायचं. मामांनी चष्मा लावला आणि एका बोटानं टाइप केलं, मोर्सची की ठोकावी तसं मनगट उचलून. एन्टर तर त्यांनी असं हाणलं, की टेबलावरचा पेला हलला. जोरात दाबलं की लांब पोचतं असा त्यांचा समज झाला असावा.

"मगदूम बोलतोय. कोण आहे."

पोच आली. मग बराच वेळ काही नाही. मग, "शिरगुप्पे. नमस्कार."

मामा माझ्याकडं वळले. "हा शिरगुप्पे कशावरनं?"

"त्यांचं नावच आहे की तिथं."

"नाव कुणीबी लिहील. माणूस हातावरनं ओळखायचा असतोय. शिरगुप्प्याच्या हाताला एक लचक हाय, शेवटचा ठोका जरा ओढतो. ह्यात सगळ्यांची अक्षरं सारखीच. उद्या तुमच्या फाउंड्रीचा वॉचमन बसला तरी असंच दिसणार."

मी म्हणालो, मग परीक्षा घ्या. हे त्यांना पटलं. त्यांनी विचार करून टाइप केलं, "तुझ्या अँटेनावर घुबड बसलं तेव्हा काय केलंस."

पुन्हा वाट बघणं. मामी आतून दोन चहा घेऊन आल्या, ठेवून गेल्या. माझा पिऊन झाला. तेव्हा कुठं उत्तर उमटलं.

"बायकोनं शांती केली. मी अँटेना उंच केली. घुबड परत आलं."

मामांच्या मिशा हलल्या. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि हे हसणंही त्यांनी लगेच दाबलं.

"हाय. तोच हाय."

मग त्यांनी विचारलं, की तब्येत कशी आहे. उत्तराला पुन्हा तेवढाच वेळ. त्यांनी विचारलं, निपाणीला हवा कशी आहे. पुन्हा तेच. मामांचा पाय खुर्चीखाली आपटायला लागला. दोन शब्दांचं उत्तर यायला एवढा वेळ लागत होता, की तेवढ्यात माणूस निपाणीला जाऊन आला असता असं ते म्हणाले.

"बघा. हितंबी हळू."

"मामा, मोडेमचा वेग ठरलेला आहे. तो हळू करताच येत न्हाई. सगळ्यांचं एकाच वेगानं जातं."

"मग यंत्र हळू न्हाई."

"न्हाई."

"म्हणजे मास्तर हळू हाय. मुद्दाम. यंत्रानं जमंना म्हणून हातानं करायलाय. ह्याला काय वाटतं, मगदूमला वाचायला पण येत न्हाई आता?"

त्यांचे कान लाल झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी टाइप करून एन्टर हाणलासुद्धा.

"इतकं हळू का. मी शिकाऊ आहे काय."

पोच आली. म्हणजे पोचलं होतं. आता ते परत घेता येणार नव्हतं. आपण घरी बसून शैलाला खोली झाडायला मदत केली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. मामा पान्याकडं बघत होते. उरलेले नट त्यांना खुणावत असावेत.

निपाणीची ओळ आली ती एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं आली. एक ओळ, मग थांबा, मग दुसरी.

"मगदूम. हात थरथरतोय."

"दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो आता असंच राहणार."

"एक एक अक्षर शोधून दाबतोय. चुकलं की पुसतोय."

"तेव्हा पण हळू केलं ते म्हणून. जोरात केलं की ठोके सांडायचे."

"तू यायचा बंद झालास. मला वाटलं माझा हात ऐकवेना म्हणून कंटाळलास. राग नाही. मलाच माझा ऐकवत नव्हता."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मला रडू येत होतं आणि सासऱ्यांसमोर रडायची आपल्यात पद्धत नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "पाणी आणा जरा."

पाण्याचा पेला त्यांच्या कोपराशीच भरलेला होता. मी उठलो आणि दारापर्यंत जाऊन उभा राहिलो. पाठमोरे मामा एकेक अक्षर ठोकत होते. मनगट उचलायचं विसरले होते. एन्टर त्यांनी अगदी हलकं दाबलं.

मी पाणी घेऊन आल्यासारखा आलो तेव्हा पडद्यावर ओळ होती: "तुझा हात बरा होता. मला ऐकू येत नाही."

आणि पोच येईना.

डबीनं पुडकं दुसऱ्यांदा सोडलं. पडद्यावर खाली पुन्हा तीच ओळ उमटली. मला ऐकू येत नाही. मग तिसऱ्यांदा.

"हे परत परत का लिहितंय?"

"पोच आली न्हाई मामा. माझ्या घरची लाइट गेली असणार. लोडशेडिंग."

"मग?"

"मग डबी पुन्हा पाठवतेय."

चौथ्यांदा उमटलं. मामांच्या चेहऱ्यावर एक शंका आली.

"हे दिसतंय कुणाला?"

हा प्रश्न त्यांनी आधी विचारला असता तर बरं झालं असतं, आणि मी न विचारता सांगितलं असतं तर आणखी बरं. आमच्यात काही खाजगी नसतं. एका लहरीवर जितके सेट चालू, तितक्यांच्या पडद्यावर सगळ्यांचं सगळं दिसतं. पाकीट नाही, पोस्टकार्ड. त्यातून रविवारची सकाळ. मिरजेचे दातांचे डॉक्टर, जयसिंगपूरचा फोटोग्राफर, इचलकरंजीच्या सूतगिरणीतले कोष्टी नावाचे गृहस्थ, सगळे चहा घेऊन पडद्यासमोर बसलेले असणार.

"सगळ्यांना," मी पुटपुटलो.

हे त्यांना ऐकू गेलं नाही, पण माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि पडद्यावर टाकला. पाचव्यांदा ओळ पंच्याच्या आत उमटली. जणू त्यानं इचलकरंजीला दिसायचं थांबणार होतं.

मी वायर उपटायला टेबलाखाली वाकलो. बोटं वायरीला लागली तेवढ्यात मामांनी माझी कॉलर धरली.

"ऱ्हाऊ दे."

"मामा, अजून पाच वेळा जाणार."

"जाऊ दे. शिरगुप्प्याला मिळालं पायजे." त्यांनी पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला. "त्यानं सांगितलं न्हवं सगळ्यांच्या देखत? मग."

आणि ते ताठ बसले, झेंडावंदनाला उभं राहतात तसे, आणि स्वतःचं वाक्य पुन्हा पुन्हा उमटताना बघत राहिले. सहा. सात. आठ. ज्या माणसानं तीनदा कुकरची शिट्टी बदलली होती, तो आता तीन तालुक्यांना दहादा सांगत होता की मला ऐकू येत नाही.

दहा झाले. निपाणीची जोडणी तुटली. डबीचा दिवा विझला.

"पोचलं?"

मी मान हलवली. नाही.

मामांनी मोठा श्वास सोडला. सगळ्या जिल्ह्याला कळलं आणि ज्याला कळायला पाहिजे तो तेवढा राहिला. ते उठू लागले, तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. इचलकरंजीहून कोष्टी स्वतःहून जोडले गेले होते.

"मगदूम साहेब, तुमचा निरोप सगळा व्यवस्थित मिळाला. दहाही." कोष्टी माणूस काटेकोर होता. "कोल्हापूर बंद आहे. इथून निपाणी थेट लागते. मी पुढं दिलाय. पोच मिळाली. मास्तरांचं उत्तर येतंय, थांबा."

आम्ही थांबलो. आता मामांचा पाय आपटत नव्हता. मामीही हातातलं उलथनं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, घरात एवढी शांतता कशी म्हणून. त्या जुन्या मॅट्रिक. पडद्यावर खालपासून वरपर्यंत रांगेनं लागलेली ती ओळ त्यांनी चष्म्याशिवायही वाचली.

मग कोष्टींनी मास्तरांचे शब्द जसेच्या तसे पाठवले. "तुला ऐकता येत नाही. मला ठोकता येत नाही. मग जोडी जमली. उद्या सहाला ये. हळूच येणार मी, रागावू नको."

मामांनी ते वाचलं. त्यांनी हात लांब करून पाना उचलला आणि टेबलाच्या खणात टाकला.

"घरात सांगाय तोंड न्हवतं," मामी माझ्याकडं बघून म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "दोन वर्सं मी वरडून वरडून घसा फाडून घेतला. मी म्हटलं डॉक्टरकडं चला, तर म्हणे तूच नीट बोलत न्हाईस. आणि ह्या निपाणीच्या मास्तरला सांगितलं. मास्तरला."

"काय म्हणती ही?" मामांनी मला विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तर मामींनी उलथनं माझ्या हातात दिलं. मामांना खांद्यानं बाजूला सारून त्या खुर्चीच्या कोपऱ्यावर बसल्या आणि अक्षरं शोधायला लागल्या.

"अगं, हात लावू नगंस. तुला लायसन न्हाई," मामा म्हणाले. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. बिगरलायसनचा माणूस रेडिओवर बोलला तर आमच्यात तो गुन्हा. सासरे आणि कायदा एका बाजूला, सासू दुसऱ्या बाजूला. मी उलथनं धरून उभा राहिलो.

मामींनी लिहिलं, "अहो, उद्या मिरजेला कानाच्या डॉक्टरकडे चला." एन्टर कुठलं ते त्यांनी मघापासून बघून ठेवलेलं होतं.

आमच्या लहरीवर आजवर हवामान गेलं होतं, अँटेनाची मापं गेली होती, कुणाच्या गच्चीवरचं घुबड गेलं होतं. 'अहो' पहिल्यांदाच गेलं.

कोष्टींची पोच आली. मग त्यांची ओळ, "वहिनी, निरोप मिळाला. साहेब, त्यांचं ऐका." मग मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांनी मध्येच, "माझ्या दवाखान्याशेजारीच कानाचे डॉक्टर आहेत. उद्या अकराला नाव लावतो." मग फोटोग्राफर, "माझ्या वडिलांनी मशीन घेतलंय. छान चालतं. फक्त घरच्यांना आता जपून बोलावं लागतं."

मामांनी सगळं वाचलं आणि माझ्याकडं वळले. "हे पुसता येतं का आता?"

"न्हाई मामा. गेलं ते गेलं."

"आणि सगळ्यांनी बघितलं."

"सगळ्यांनी."

ते जरा वेळ त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "अकराला म्हणजे दहाच्या एसटीनं निघाय पायजे. त्या कॉलेजवाल्यांना सांगा, टेम्पो आणू नका म्हणावं."

मी शैलासाठी मनातल्या मनात हात जोडले. पण मामींचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. मामा त्यांच्याकडं बघत राहिले. नेहमी मामांचा आवाज सगळ्या घराला ऐकू जाईल असा असायचा. तशाच मोठ्यानं, पण कधी ऐकला नव्हता अशा सुरात त्यांनी विचारलं, "दोन वर्सं तू एवढं वरडत होतीस. काय सांगत होतीस गं मला?"

मामींनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं बरंच असणार. मुलीचं असेल, गावाकडचं असेल, दुखण्याखुपण्याचं असेल, शेजारणीनं काय म्हटलं ते असेल. त्या अक्षरांवर बोट फिरवत कितीतरी वेळ बसल्या. मामांनी घाई केली नाही. आता हळू चालणार होतं.

शेवटी त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं, "जेवायला चला."

एन्टर दाबलं. दिवा लागला. इचलकरंजीहून कोष्टींनी लगेच विचारलं, "आज काय केलंय, वहिनी?"

मामांनी त्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही. बायकोनं लिहिलेली ओळ त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकदा वाचली, सेट तसाच चालू ठेवून उठले आणि मामींना म्हणाले, "पोचलं."